दहा चौकटींत न मावणारी शाळा

मा. संपादक यांस,
सस्नेह नमस्कार.

अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांत प्रवेश मिळवणाऱ्या मराठी मुलामुलींच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात. त्या वाचून इथल्या मराठी कुटुंबांना मनापासून आनंद होतो आणि मीही त्याला अपवाद नाही. मात्र या बातम्यांचा साचा आता ठरून गेला आहे. एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे महाविद्यालयीन पातळीचे, विषय किती घेतले, सॅट या प्रवेश परीक्षेत गुण किती पडले, वादविवाद, रोबोटिक्स, व्हायोलिन, टेनिस, समाजसेवा आणि शेवटी विद्यापीठाचे नाव. मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका इंडिपेंडंट डे स्कूलमध्ये, म्हणजे वसतिगृह नसलेल्या खासगी शाळेत, वरच्या वर्गांना गणित शिकवते आणि तास संपल्यावर तिथल्या नाटकांची तांत्रिक बाजू सांभाळते. अशा यादीवरून या शाळांचे जे चित्र वाचकांसमोर उभे राहते, ते नव्याने इथे येणाऱ्या आपल्या पालकांना चुकीच्या निर्णयांकडे नेते, असे मला वाटते; म्हणून हे पत्र.

इंडिपेंडंट स्कूल सरकारी अनुदानावर चालत नाही. तिचे स्वतंत्र विश्वस्त मंडळ असते आणि फी, माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या देणग्या आणि ठेवींचे उत्पन्न यांतून तिचा खर्च भागतो. अभ्यासक्रम ती स्वतः ठरवते, तोही बारावीनंतर प्रत्येक विद्यार्थी पदवीसाठी जाईल हे गृहीत धरून. अशा शाळांचे अस्तित्वच एकदा धोक्यात आले होते. ओरेगन राज्याने 1922 साली मतदानाने कायदा करून मुलांना सरकारी शाळेतच पाठवण्याची सक्ती केली, आणि 1925 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. आपल्या मुलाला कुठे आणि कसे शिकवायचे हे ठरवण्याचा पालकांचा अधिकार तिथे मान्य झाला. या अधिकाराचा उपयोग आपण कशासाठी करतो, हा माझ्या चिंतेचा विषय आहे.

खेळ, नाटक, संगीत या गोष्टी अशा शाळांत शोभेसाठी किंवा प्रवेशासाठी नंतर जोडल्या गेल्या, हा समज इतिहासाला धरून नाही. बाल्टिमोरमध्ये 1897 साली अ‍ॅन गॅलब्रेथ केरी यांच्या पुढाकाराने मुलांसाठी 'कंट्री स्कूल' सुरू झाली. तीच पुढे गिलमन स्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. वसतिगृहातल्या शाळेत मुलांना मिळणारा भरगच्च दिवस, मोकळी मैदाने आणि शिक्षकांचा सहवास मिळावा, पण मुलाने रात्री घरी आई-वडिलांजवळ असावे, अशी त्यामागची कल्पना होती. म्हणून तास दुपारी संपले तरी शाळा संपत नसे. दुपारचे खेळ हा शाळेच्या दिवसाचाच भाग होता. आज अनेक डे स्कूलमध्ये शेवटचा तास तीन-सव्वातीनला संपतो आणि त्यानंतर पाच-साडेपाचपर्यंत सराव, तालमी, वार्तापत्राच्या बैठका चालतात, त्याचे मूळ या कल्पनेत आहे. तेव्हा प्रवेशाचा अर्ज कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

या दुपारचे खरे मोल कशात आहे, हे सांगण्यासाठी मी माझ्याच कामातले एक उदाहरण देते. आमच्या एका नाटकात दहावीतला एक मुलगा प्रकाशयोजनेच्या बोर्डावर बसत असे. वर्गात तो फारसा बोलत नसे आणि त्रिकोणमितीच्या सिद्धता लिहिताना मधल्या पायऱ्या गाळत असे. रंगीत तालमीत त्याने एक क्यू, म्हणजे प्रकाश बदलण्याची ठरलेली खूण, आधीच दिला आणि ऐन संवादात रंगमंच काळोखात गेला. त्याला कोणी रागावले नाही, हेडसेटवरून स्टेज मॅनेजर, अकरावीतली एक मुलगी, शांतपणे म्हणाली, "परत घेऊ." दुसऱ्या दिवशी तो स्वतः तयार केलेला नवा तक्ता घेऊन आला. डाव्या रकान्यात क्यूचा क्रमांक, मधल्या रकान्यात त्याआधी कानावर पडणारे शेवटचे तीन शब्द आणि उजवीकडे तो बदल नाटकात का होतो, याचे एका ओळीत कारण. ते कारण लिहायला त्याला कोणीच सांगितले नव्हते. मी त्याला पुढच्या आठवड्यात सिद्धताही तशाच मांडायला सांगितल्या, एका बाजूला पायरी आणि दुसऱ्या बाजूला ती घेण्याचे कारण, आणि त्याचे गणित रुळावर आले. मी फक्त त्याची गणिताची शिक्षिका असते, तर हे मला सुचलेच नसते. एकाच मुलाला एकच मोठे माणूस वर्गात, रंगमंचामागे आणि हरल्यानंतरच्या बसमध्ये पाहते, ही या शाळांची खरी ताकद आहे. त्याच्या शिफारसपत्रात लिहिण्यासारखेही मला तिथेच सापडते.

लहान शाळेचा आणखी एक गुण आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी कॅन्सस राज्यातील लहान-मोठ्या हायस्कुलांचा अभ्यास करून 1964 साली असे दाखवले की, शाळा मोठी होते तसे तिथले उपक्रम वाढतात खरे, पण विद्यार्थ्यांच्या संख्येच्या मानाने ते फार कमी वाढतात. त्यामुळे मोठ्या शाळेत प्रेक्षक अधिक होतात आणि लहान शाळेत जबाबदारीची कामे अधिक मुलांच्या वाट्याला येतात. अभ्यास सरकारी शाळांचा होता, पण आमच्याकडे तो रोज खरा ठरतो. वाद्यवृंदात चेलो वाजवणारी मुलगीच हॉकीच्या संघात गोलरक्षक असते, कारण दुसरी कोणी नसते. ती दोन्हींत उत्तम असेलच असे नाही, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते.

क्रॉस कंट्री धावण्याचेच पाहा. या संघातून सहसा कोणाला वगळत नाहीत. संघाच्या पहिल्या पाच धावकांच्या क्रमांकांची बेरीज हा संघाचा गुणांक असतो आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. सहाव्या आणि सातव्या धावकाचा क्रमांक बेरजेत धरत नाहीत, पण त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्या धावकाला मागे टाकले, तर त्या संघाची बेरीज वाढते. स्वतःच्या नावावर काहीही जमा होत नसताना शेवटच्या चढावर जीव तोडून धावणे काय असते, हे त्या सातव्या मुलाला पंधराव्या वर्षी कळते. पालकसभेत मात्र मला विचारले जाते की, तो मुख्य संघात येणारच नसेल तर हा वेळ ऑलिंपियाडच्या तयारीला का देऊ नये?

या प्रश्नाचे मूळ पालकांच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे ठरेल. ते एका अर्जात आहे. 1975 साली 15 महाविद्यालयांनी मिळून सुरू केलेला 'कॉमन अ‍ॅप' हा सामायिक अर्ज आज 1,000 हून अधिक संस्था स्वीकारतात. त्यात अभ्यासेतर उपक्रमांसाठी जास्तीत जास्त दहा चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत वर्णनासाठी 150 अक्षरचिन्हांची मर्यादा असते आणि आठवड्यातले तास व वर्षातले आठवडे भरावे लागतात. दहाही चौकटी भरल्याच पाहिजेत असे कुठेही म्हटलेले नाही. तरीही रिकामी चौकट पाहवत नाही, आणि नववीत पाऊल टाकलेल्या मुलाच्या घरी दहा नावांचा शोध सुरू होतो. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातील एका प्रकल्पाने जानेवारी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात उपक्रमांसाठी चारपेक्षा जास्त जागा ठेवू नयेत, किंवा दोन-तीन अर्थपूर्ण उपक्रमांविषयी सविस्तर लिहायला सांगावे, अशी सूचना होती. अनेक विद्यापीठांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्या अहवालाला पाठिंबा दिला. अर्जातल्या चौकटी मात्र दहाच राहिल्या.

अभ्यासाच्या बाजूनेही हीच मोजदाद चालते. एपीचा जन्मच मुळात अशा शाळांच्या चिंतेतून झाला. हुशार मुलांना शाळेत शिकलेलेच महाविद्यालयात पुन्हा शिकावे लागू नये म्हणून अँडोव्हर, एक्सेटर व लॉरेन्सव्हिल या तीन खासगी शाळांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या सोबत विचार केला, आणि 1956 साली पहिल्या परीक्षा झाल्या. पुढे साधनाचे साध्य झाले. जून 2018 मध्ये वॉशिंग्टन परिसरातील सिडवेल फ्रेंड्स, जॉर्जटाऊन डे, सेंट अल्बन्स यांच्यासह आठ इंडिपेंडंट स्कूलनी संयुक्तपणे जाहीर केले की, 2022 पर्यंत आपण एपीचे अभ्यासक्रम बंद करू आणि आपले स्वतःचे प्रगत अभ्यासक्रम शिकवू. हे धाडस कौतुकास्पद आहे, पण त्याला पूर्वाधार होता. 1930 च्या दशकात सुमारे 30 शाळांना महाविद्यालयांनी प्रवेशाच्या ठरावीक अटींतून सूट दिली होती. त्या शाळांतून बाहेर पडलेल्या 1,475 विद्यार्थ्यांची तुलना नेहमीच्या शाळांतील तितक्याच, तशाच पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांशी केली गेली. 1942 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अटींतून मोकळे झालेले विद्यार्थी महाविद्यालयात मागे पडले नाहीत, उलट किंचित पुढेच राहिले. युद्धाच्या धामधुमीत त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, याची मला अजूनही हळहळ वाटते.

या व्यवस्थेतल्या अन्यायाविषयी मी या शाळेचा पगार घेते म्हणून गप्प बसणे योग्य नाही. न्यूयॉर्कमधील काही नावाजलेल्या डे स्कूलची वार्षिक फी आता 60,000 डॉलरच्या वर गेली आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रिडमन या अर्थशास्त्रज्ञांनी 2023 साली दाखवून दिले की, प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुलांना सर्वाधिक निवडक अशा 12 विद्यापीठांत प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. त्यामागे त्यांना तीन कारणे सापडली : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप, खेळाडूंची निवड आणि अभ्यासेतर गुणांकन. हे तिसरे गुणांकन खासगी शाळांतील मुलांना अधिक मिळते, आणि पुढच्या आयुष्यातील यशाशी त्याचा मेळ बसत नाही, असेही त्यांना आढळले. म्हणजे जी यादी आपण गुणवत्तेचा पुरावा म्हणून छापतो, ती बऱ्याच अंशी शाळेची फी भरता येण्याचा पुरावा असते. बातमी देताना एवढे भान ठेवावे, अशी माझी आपल्याला नम्र विनंती आहे. त्या मुलाला त्याने अर्जात न लिहिलेला एखादा उपक्रमही विचारून पाहावा. सांगण्यासारखे पुष्कळ निघते.

या यादीची किंमत मुले चुकवतात. भारतात जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या अभ्यासात, संपन्न उपनगरातील दहावीची मुले शहरातील गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा अधिक चिंताग्रस्त आढळली, आणि अमली पदार्थांचे सेवनही त्यांच्यात अधिक होते. हा निष्कर्ष त्यांनाही अनपेक्षित होता. त्यांनी पुढची दोन दशके त्याचा पाठपुरावा केला. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने अतिस्पर्धात्मक शाळांतील मुलांचा धोक्यातील गटांत समावेश केला. किशोरांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे इथले निद्रातज्ज्ञ सांगतात. साडेपाचपर्यंत सराव, सातला जेवण आणि मग पाच विषयांचा गृहपाठ करणाऱ्या मुलाची ती कशी होणार? यावर इलाज म्हणून पालक आधी खेळ किंवा नाटक बंद करतात. माझा अनुभव असा की, मुलाला उभे ठेवणारी गोष्ट बहुधा तीच असते. काढायचे असेल तर पाचवे एपी काढावे, आणि केवळ प्रमाणपत्रासाठी लावलेला वर्ग काढावा.

पुढील वर्षी इथे येऊ घातलेल्या आणि मुलासाठी अशी शाळा पाहणाऱ्या पालकांना माझे सांगणे आहे. अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत संपते, तेव्हा शाळा शरद ऋतूतच पाहून घ्या. सकाळची टूर जरूर घ्या, पण जमल्यास दुपारी चारनंतर थोडा वेळ मैदानाजवळ आणि तालमीच्या दालनाशी थांबण्याची परवानगी मागा. प्रशिक्षक म्हणून उभी असलेली माणसे सकाळी वर्गातही शिकवतात का, ते विचारा. निवड न करता सर्वांना घेणारे संघ किती आहेत, नववीत पहिल्यांदा वाद्य हाती घेणाऱ्या मुलाला जागा आहे का, अ‍ॅडव्हायजर (मार्गदर्शक शिक्षक) एका वेळी किती मुलांना सांभाळतो आणि त्यांना आठवड्यातून किती वेळा भेटतो, हेही विचारा. फीचा आकडा पाहून लगेच मागे फिरू नका. आर्थिक साहाय्याचा अर्ज प्रवेशअर्जाबरोबरच करायचा असतो, तो नंतर केला तर त्या वर्षीचा निधी बहुधा वाटून झालेला असतो. ज्या कुटुंबाला साहाय्य मिळते त्यांनी प्रवासाचा, वाद्याचा आणि खेळाच्या साहित्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. तो धरलेला नसला तर दुपारी तीननंतरची शाळा त्या मुलासाठी बंदच राहते.

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका
न्यू जर्सी, अमेरिका