दाव्याला पत्र, आणि ड्रॉवरमधला उतारा

प्रिय दाव्या,
सलाम.

तुझे तीन मिस्ड कॉल आणि तो शिव्यांचा व्हॉइस मेसेज, सगळं पोचलं. काकूंच्या वर्षाच्या प्रार्थनेला मी आलो नाही त्याचं कारण सुनीताने तुला माझी शुगर सांगितलं, ते अर्धंच खरं आहे. शुगर आहे, गोळी चालू आहे, भात बंद आहे, संपला विषय. खरं कारण असं की मला तुझ्यासमोर बसायचं नव्हतं. का, ते फोनवर जमणार नाही म्हणून टाइप करत बसलोय. रात्रीचे पावणेबारा झालेत, के के रेंजवर फायरिंग चालू आहे आणि पुढच्या खोलीची काच मधूनमधून खुळखुळतेय. तीच काच, तू बॉल मारून तडा घालवलेली. पैसे अजून दिले नाहीस.

झालं असं की मंडळीचा तरुण संघ परत माझ्या गळ्यात आला. बेन्या दुबईला गेल्यावर दुसरं कोण होतं? आणि मे महिन्यात, पहलगामनंतर, ते ७ ते १० मेचे चार दिवस आठव, पोरांच्या ग्रुपवर नुसता धुरळा. वर सकाळचं वचन, खाली क्षेपणास्त्राचा व्हिडिओ, त्याच्याखाली हात जोडलेले आणि आमेन. पाळकसाहेब म्हणाले, शमुवेल, तुम्ही जरा यांच्याशी बोला, 'ख्रिस्ती माणूस आणि युद्ध' असा विषय घ्या, एका रविवारात होईल. एका रविवारात! सात रविवार झाले आणि माझं स्वतःचंच काही ठरत नाहीये.

पहिल्या दिवशी मी आपला नेहमीसारखा डोंगरावरचं प्रवचन घेऊन गेलो. कोणी उजव्या गालावर मारलं तर दुसरा पुढे कर, वैऱ्यावर प्रीती कर, व्यवस्थित मुद्दे काढलेले. चौथ्या मिनिटाला रोहन उठला (आपल्या सुभाष ड्रायव्हरचा धाकटा, तू पाहिलाय त्याला, कॅरल राऊंडला ढोलकी वाजवतो) आणि म्हणाला, "काका, २६ माणसं मारली तिथं. त्यांच्या बायकांना कुठला गाल पुढे करायला सांगता?"

काय सांगू दाव्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना चहा सांगितला.

पण पोराचं बरोबर होतं ना. माझा गाल माझा आहे, तो मी पुढे करीन नाहीतर न करीन. दुसऱ्याचा गाल पुढे करायचा अधिकार मला कोणी दिला? पुढच्या आठवड्यात वाचत बसलो तर कळलं जुन्या काळातला बिशप ऑगस्टीन इथंच येऊन अडकला होता. स्वतःला वाचवायला मारू नको, पण शेजाऱ्याला वाचवायला कायदेशीर सत्तेने शस्त्र धरलं तर ते पाप म्हणता येत नाही, अशी त्याची साधारण लाइन. आणि हा माणूस ४३० साली मेला तेव्हा त्याच्या हिप्पो शहराला व्हँडल लोकांचा वेढा पडलेला होता, म्हणजे बंगल्यात बसून लिहिणाऱ्यातला नव्हता. नंतर तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने त्याच्या तीन अटी बांधल्या: युद्ध पुकारणारा अधिकारी खरा पाहिजे, कारण न्याय्य पाहिजे, आणि हेतू शुद्ध पाहिजे, म्हणजे द्वेष नाही, लूट नाही, सूड नाही. पोरांना हे लई आवडलं. तीन अटी म्हणजे परीक्षेला सोपं. भराभर टिक मारायला लागले. तिसऱ्या अटीवर मी म्हणलं, बाळांनो, तुमच्या ग्रुपवरचे मेसेज मोठ्याने वाचू का? तेव्हा जरा गप्प झाले.

मग स्नेहल बोलली. ती नर्सिंगला आहे, तोंडाने तुझ्या बहिणीवर गेलीये. म्हणे, "काका, मग हे लायसन्स झालं. आणि फॉर्म भरणारा आणि शिक्का मारणारा माणूस एकच." मी पंचवीस वर्षं पुस्तकं चाळतोय, मला हे एवढ्या स्वच्छ शब्दांत सुचलं नव्हतं. कारण तेच होत आलंय, प्रत्येक राजाने अटी वाचल्या आणि प्रत्येकाला स्वतःचं युद्ध न्याय्यच दिसलं. मी त्यांना ६५ सालच्या भारत-पाक युद्धाचं सांगितलं. आपल्या बाजूला हवाई दलातले ख्रिस्ती कीलर बंधू, ट्रेव्हर आणि डेन्झिल, दोघांनाही वीर चक्र. पलीकडे पाकिस्तानच्या हवाई दलात सेसिल चौधरी, तोही ख्रिस्ती, त्यालाही तिकडचं शौर्यपदक. म्हणजे 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणत वाढलेली पोरं दोन्हीकडच्या कॉकपिटमध्ये. रोहन म्हणाला, "मग बापाने कोणाचं ऐकायचं?" सगळे हसले. मी पण हसलो. घरी येताना नाही हसू आलं.

तुला वाटेल मी पोरांना नुसतं घाबरवतोय. तसं नाही. मी हेही सांगितलं की शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला, येशू 'आधी नोकरी सोड' म्हणाला नाही, उलट एवढा विश्वास इस्राएलात नाही म्हणाला. शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले, आम्ही काय करावं, तर तो म्हणतो कोणाला लुबाडू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा. यावर मागच्या बाकावरून आवाज, "अग्निवीरला तेवढंच म्हणायचं बाकी राहिलंय." पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले २१,००० हातात, चार वर्षांनी १०० मधले २५ आत आणि बाकीचे गेटबाहेर. पोरांना हे आकडे वचनांपेक्षा चांगले पाठ आहेत.

आणि इथंच माझी गोची झाली. दोन महिने मी युद्धाच्या नीतीवर बोलत होतो आणि मला कळलंच नाही की रोहन त्यावर बोलतच नव्हता. तो रोज पहाटे पाचला पळतोय. १६०० मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत. ऑनलाइन लेखी निघाली त्याची. घराला पत्रे आहेत, बापाचे डोळे गेलेत, आणि त्या चार वर्षांनंतर मिळणाऱ्या ११ लाख ७१ हजारांवर बहिणीचं लग्न आणि स्लॅब दोन्ही उभे आहेत. मागच्या रविवारी सगळे गेल्यावर थांबला, म्हणला, "काका, ते ऑगस्टीनचं राहू द्या. तुम्ही सांगा, जाऊ का नको?"

मी काय म्हणालो असेन? "प्रार्थना कर बाळा, देव मार्ग दाखवील."

थू. दाव्या, तुला तरी मी १९९९ ला असं म्हणालो नव्हतो. तेव्हा निदान बोललो तरी होतो. चुकीचं का होईना. का बरोबर? तेच तर मला कळत नाहीये.

किल्ल्याच्या खंदकापाशी, आठवतंय ना. कारगिल चालू होतं, रोज पेपरात शवपेट्यांचे फोटो. तू फौजेच्या भरतीचं ग्राउंड काढलेलं, मेडिकल काढलेलं, वयाचं शेवटचं वर्ष. आणि मी त्या शिबिरावरून ताजा ताजा पेटून आलेला. दोन तास बोललो. माक्सिमिलियनची गोष्ट सांगितली, २९५ साल, आफ्रिकेतला एकवीस वर्षांचा पोरगा, बाप जुना सैनिक, बापच भरतीला घेऊन आलेला आणि हा म्हणतो मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी करता येत नाही. तू विचारलंस, मग त्याचं काय झालं? मी म्हणलं, मुंडकं उडवलं. तू म्हणालास, मग मरायचंच आहे तर पेन्शनवालं मरण काय वाईट? त्यावर मी तुला म्हणालो होतो, नाव दावीद आणि साधी गोफण धरता येत नाही, चालला गल्याथ मारायला. तुझं तोंड मला अजून दिसतं. नंतर तू गेला नाहीस. त्या फॅक्टरीत कॉन्ट्रॅक्टवर लागलास, ती बंद पडली, मग रिक्षा, मग ते सगळं.

आणि मी दरवेळी विषय काढला की तू म्हणायचास, "शम्या, तुझं भाषण कोण ऐकतंय? आईने दोन दिवस अन्न सोडलं म्हणून राहिलो." पंचवीस वर्षं हेच. आणि मी ते मानलं, कारण मला ते सोयीचं होतं.

गेल्या वर्षी काकूंना मातीला नेलं त्या संध्याकाळी लिली मावशी माझ्याशेजारी बसल्या होत्या, तुमच्या मधल्या खोलीत, त्या काळ्या लोखंडी ट्रंकेवर. तीच ट्रंक, जिच्यात काकू गोधड्या ठेवायच्या, जिच्यावर बसून मी आयुष्यभर तुमच्या घरी चहा प्यायलो. मावशी ट्रंकेवर हात फिरवत म्हणाल्या, किती हौसेने घेतली होती हिने, दाविद फौजेत जाणार म्हणून, पेंटरकडून नाव घालून आणलं होतं. मग तो गेलाच नाही तर स्वतःच्या हाताने रॉकेल लावून नाव पुसत बसली होती.

म्हणजे काकूंनी अन्नबिन्न काही सोडलं नव्हतं. त्या तर बांधाबांध करून बसल्या होत्या.

मी उठलो आणि नगरला निघून आलो. तुला वाटलं ड्यूटी होती. तेव्हापासून तुझा फोन आला की मी तो वाजू देतो. काकूंना विचारायचं तर आता त्याही नाहीत, आणि तुला विचारायचं तर तू परत तेच खोटं सांगशील, मला सांभाळायला. मला राग आलाय दाव्या, तुझा पण. मी एकविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या तोंडचं ऐकून आलेलं तुझ्या डोक्यात ओतलं आणि तू त्याचा हिशोब आईच्या नावावर टाकलास. मला एकदा तरी शिवी द्यायची होतीस. काचेच्या पैशावरून दोन वर्षं बोलला नाहीस आणि यावर एक शब्द नाही?

आता रोहनचं. त्याला कसल्याशा दाखल्याला जोडायला बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचा उतारा पाहिजे. सेक्रेटरी मी, रजिस्टर माझ्या कपाटात. लिहून ठेवलाय, माझ्याच अक्षरातली नोंद आहे ती, त्या दिवशी पोरगं पाळकसाहेबांच्या हातात एवढं रडलं होतं की गीत मध्येच थांबवावं लागलं. तीन दिवस झाले, उतारा ड्रॉवरमध्ये आहे, सही होत नाही. त्यात त्याच्या आईने पुढच्या रविवारी उपासनेत त्याच्यासाठी विशेष प्रार्थना मागितलीये आणि पाळकसाहेबांनी ती माझ्यावर ढकलली.

काय प्रार्थना करू? सुखरूप परत आण, एवढंच ना? ते म्हणायला गेलो की मला टिनियन बेट आठवतं. ऑगस्ट ४५, हिरोशिमाचं विमान उडण्याआधी तिथल्या चॅप्लेनने, म्हणजे सैन्यातल्या पाळकाने, वैमानिकांसाठी हीच प्रार्थना केली होती, यांना सांभाळ, सुखरूप आण. आले की सुखरूप. तीन दिवसांनी नागासाकी, सकाळी ११ वाजून २ मिनिटं, बॉम्ब पडला तो उराकामीच्या कॅथेड्रलपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, आत फादर पापांगीकार ऐकत होते. तिथल्या १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० गेले. बॉम्ब टाकणारे ख्रिस्ती, खाली मरणारे ख्रिस्ती. त्याच बेटावर जॉर्ज झाबेल्का नावाचा कॅथलिक चॅप्लेन होता, त्याने नंतर सगळ्या जगासमोर माफी मागितली. आणि तो काय म्हणायचा माहितीये? आपण युद्धाच्या बाजूने भाषणं ठोकली असं नाही, आपण काही बोललोच नाही, हे आपलं पाप. हे वाचल्यापासून 'देव मार्ग दाखवील' हे माझ्या घशात काट्यासारखं बसलंय.

पोरांना नागासाकी सांगितलं त्या दिवशी कोणी चहा मागितला नाही. स्नेहलने मात्र मोबाइलवरून दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन डेस्मंड डॉसचं काढलं, सैन्यात गेला पण बंदूक हातात धरली नाही, ओकिनावाच्या कड्यावरून साधारण ७५ जखमी एकट्याने खाली उतरवले. म्हणे, असं पण जाता येतं. रोहन म्हणाला, "ताई, त्याला निवड करता आली. मला जी ट्रेड मिळेल ती."

हे वाक्य मी कितीदा तरी घोळवतोय. आपण विवेक-विवेक म्हणतो तो पोट भरलेल्याचा असतो का रे? १९९९ ला माझा बाप शिक्षक होता, पगार चालू होता, मला शांततावादी व्हायला खर्च काय होता? खर्च तू भरलास. पण मग उलटंही वाटतं, गरिबाला निवड नाही म्हणून त्याला मारण्या-मरण्याबद्दल विचारच करू द्यायचा नाही, तो प्रश्न फक्त बंगलेवाल्यांच्या पोरांचा, हेही कसलं प्रेम?

तर काम असं आहे. शनिवारी ये. रोहनला मी संध्याकाळी घरी बोलावलंय. मी बोलणार नाही, वचन देतो, पाहिजे तर सुनीताला माझ्या तोंडाला पट्टी लावायला सांग. तू बोल. त्याला सांग तू का गेला नाहीस, खरं कारण, माझ्यासमोर. मी कारण निघालो तर मी. आणि रिक्षा चालवताना मिलिटरीची गाडी शेजारून गेली की तुला काय वाटतं तेही सांग, मला वाटतं वाईट वाटतं, पण कोण जाणे, सुटलो असंही वाटत असेल. हे मी तुला कधी विचारलंच नाही.

उतारा मी आता सही करून टाकतो. तो अडवणं म्हणजे परत खंदकापाशी नेऊन दोन तास बसवण्यासारखंच झालं, फक्त तोंड न उघडता.

ग्रेसचं बारावीचं कळलं, ७८ चांगले आहेत रे, तू उगाच तोंड पाडू नकोस, तिला फार्मसीला टाक. गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन लांबवू नकोस. वहिनींना सलाम. येताना काकूंचा तो स्वेटर घातलेला फोटो आण, मंडळीच्या अल्बमसाठी पाहिजे. ट्रंक भंगारात दिली नसलीस तर देऊ नकोस.

नाशिकहून सकाळची साडेसातची गाडी धर, दुपारची स्टँडवर लई वेळ काढते. मटण आणून ठेवतो. भात तू खा.

तुझा,
शम्या