घट्ट बांधलेली छाती आणि सोलापूरचा उन्हाळा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उष्माघातापासून बचावाच्या सूचना आपल्या अंकात वाचल्या. ‘सैल, सुती कपडे वापरा’ हे त्यात लिहिले होते. ते वाचताना माझ्या शर्टाच्या आत बनियन होती, बनियनच्या आत छाती सपाट करणारा घट्ट बाइंडर होता आणि बाहेर पारा ४३ च्या पुढे गेला होता. मी ट्रान्स पुरुष आहे. जन्मल्यावर माझी नोंद मुलगी म्हणून झाली. वय ३१. अक्कलकोट रोडकडच्या एका युनिफॉर्म कारखान्यात कटिंग मास्तर आहे. छातीची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे आणि तोवर छाती बांधल्याशिवाय मला उंबरा ओलांडवत नाही. याला बारा वर्षे झाली.

सुरुवात क्रेप बँडेजने झाली. पाय मुरगळला की बांधतात तेच. मेडिकलमध्ये कोणी काही विचारत नाही, म्हणून ते सोयीचे वाटले. चार वर्षे मी ते रोज बांधले, कितीदा तरी तसाच झोपलो. सुजलेला घोटा दाबून ठेवायला केलेली ती पट्टी. छाती मात्र मिनिटाला पंधरा-सोळा वेळा फुलते आणि दर श्वासाला त्या पट्टीशी झगडते. शर्ट कापताना मी छातीच्या मापावर सैल सोडल्याशिवाय कात्री लावत नाही. श्वासाला जागा लागते हे मला माझ्या धंद्यानेच शिकवले होते, तरी स्वतःच्या बाबतीत ते मनावर घ्यायला वर्षे गेली.

आधी खांद्यांच्या मधोमध दुखू लागले. मग जिना चढताना धाप. उन्हाळ्यात पट्टीखाली घामोळे, खाज आणि पुढे गजकर्ण, जे दर मे महिन्यात परत येई. माझ्या आईने उभे आयुष्य विड्या वळल्या, तिची पाठ वाकली आहे. एका रात्री माझ्या पाठीला तेल चोळताना ती म्हणाली, “बाळा, तुझी पाठ माझ्यासारखी का व्हायला लागली?” मी उत्तर दिले नाही.

मग खोकताना, शिंकताना छातीत सुरी फिरल्यासारखी कळ येऊ लागली. दवाखान्यात ईसीजी काढला, तो चांगला आला. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि त्या मी जवळजवळ दोन वर्षे खाल्ल्या. शर्ट काढावा लागेल या भीतीने मी काही बोललो नाही, आणि समोरूनही कोणी विचारले नाही. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी विचारले, “दादा, अंगाला काही घट्ट बांधता का?” त्या ‘दादा’मुळे मला बोलता आले. बरगड्या छातीच्या हाडाला जिथे जोडल्या जातात, तिथली कूर्चा सुजली होती. बरगड्यांच्या खालच्या भागावर हात ठेवून सावकाश श्वास भरायला आणि दाराच्या चौकटीत हात टेकून छाती उघडायला त्यांनी शिकवले. तो व्यायाम आजही रोज करतो.

हे माझ्या एकट्याचे नाही. २०१७ साली छाती बांधणाऱ्या १,८०० जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९७ टक्के लोकांना किमान एक तरी त्रास होता. निम्म्याहून अधिक जणांना पाठदुखी होती, आणि जवळपास तितक्याच जणांना अंग फार तापण्याचा त्रास. आठवड्यातले किती दिवस बांधतो, याचा संबंध सर्वांत जास्त त्रासांशी निघाला. विकतचा बाइंडरही त्यातून सुटला नाही. पण बांधल्यामुळे मनाला उभारी येते, बाहेर वावरता येते, हेही त्याच लोकांनी सांगितले. म्हणून ‘मग बांधूच नका’ असे म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे, हे दोन्ही एकत्र वाचा.

पत्र लिहायला बसलो ते एका १९ वर्षांच्या मुलामुळे. तोही माझ्यासारखाच. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जातो आणि खोक्यांना लावायची चिकटपट्टी छातीला गुंडाळत होता. गेल्या महिन्यात ती काढताना कातडी सोलून निघाली. ती भरून येईपर्यंत त्याला घराबाहेर पडता आले नाही, आठ दिवसांची मजुरी बुडाली. ज्या शस्त्रक्रियेसाठी तो पैसे साठवतो, ती कोणत्या पद्धतीने करायची हे ठरवताना सर्जन कातडीचा ताणही पाहतात. तीच कातडी तो खराब करून घेत होता, आणि हे त्याला सांगणारे कोणी नव्हते.

तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यात अशा शस्त्रक्रियांची सोय आणि विमा ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे. प्रत्यक्षात मी दरमहा चार हजार बाजूला टाकतो आणि पुण्याला खेपा घालतो. वाट पाहण्याचे हे जितके महिने वाढतात, तितके महिने छाती बांधलेली राहते. आपल्या सिव्हिलमध्ये महिन्यातून एक दिवस जरी यासाठी ओपीडी चालली, तरी पुष्कळांची पाठ आणि कातडी वाचेल. आणि शहरातल्या डॉक्टरांनी, छातीत दुखते म्हणून कोणी आले आणि शर्ट काढायला कचरले, तर त्या ताईंसारखे हळूच विचारावे.

जे बांधतात त्यांना मला कळले ते सांगतो. चिकटपट्टी आणि क्रेप बँडेज आजच टाकून द्या. झोपताना, पळताना, ओझे उचलताना बांधू नका. आठ तासांच्या आत सोडा, आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण सुट्टी द्या. रविवारी माझ्याकडे पाहुणे असले तर मी जाड कापडाचा, दोन खिशांचा गडद शर्ट सैल घालतो, भागते. चक्कर आली, हात बधिर झाले किंवा श्वास अपुरा पडला, तर कुठेही असा, आडोसा गाठून आधी काढा.

त्या मुलासाठी मी सुती अस्तर लावून दोन बंड्या शिवल्या. माप घेताना त्याला श्वास पूर्ण भरायला लावला आणि टेप तिथे धरली. उन्हाळ्याच्या सूचना पुन्हा छापाल, तेव्हा वरच्या चार ओळी त्यांच्या खाली द्याव्यात, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर
(घरात अजून सगळ्यांना सांगितलेले नाही, म्हणून नाव छापू नये.)