गाण्याचं नाव ‘याड लागलं’ असंच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘सैराट’वरचा लेख वाचला. चित्रपटाबद्दल लेखकाने मनापासून लिहिलं आहे. जातीबद्दल, शेवटाबद्दल, दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या नजरेबद्दल त्यांनी जे म्हटलं त्यातलं बरंचसं मला पटलं. पण चित्रपटातल्या ‘झिंगाट’पाशी आल्यावर त्यांनी ते गाणं एका वाक्यात निकालात काढलं. गल्ल्यासाठी केलेली तडजोड आणि वरातीतला धांगडधिंगा, एवढाच त्यांचा शेरा. हा शेरा नवा नाही. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट लागला तेव्हापासून जाणत्या लोकांकडून तो ऐकत आले आहे, आणि एकेकाळी मी स्वतःही तो मारलेला आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसले. लेखातल्या एका छापील चुकीबद्दलही सांगायचं आहे, ते शेवटी सांगते.

आधी आवाजाचं बोलते. मी नौपाड्यात राहते. दहीहंडीला ठाण्यात काय होतं ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तावदानं थरथरतात, सासूबाईंना आतल्या खोलीत नेऊन कानात कापूस घालावा लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आहे आणि तो काटेकोर पाळला जावा असं माझं ठाम मत आहे. पण तो राग गाण्यावर काढून कसं चालेल? भिंतीएवढ्या त्याच स्पीकरवर आरत्याही लागतात, म्हणून आरतीला कोणी वाईट म्हणत नाही. ज्यांनी ‘झिंगाट’ फक्त चौकातून येताना ऐकलं, त्यांच्या कानावर ठेका पडला. शब्द काही त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत.

शब्दांत आहे काय? मिसरूड फुटू लागलेला एक पोरगा छातीतली धडधड सांगतोय. ही पिरतीची बाधा आहे म्हणतोय, जशी भुताची बाधा व्हावी तशी. एका दमात तो ऐटही मारतो आणि विनवण्याही करतो. आणि मग एकदम मोठी उडी घेतो. सगळ्या गावाला माझ्या लग्नाची घाई झालीय, तू माझ्या लेकराची आई कधी होणार, असं थेट विचारतो. अजून दोघांच्या शिक्षणाचा पत्ता नाही, घरात कोणाला कळलेलं नाही, आणि हा लेकरापर्यंत जाऊन पोचला! सोळा-सतरा वर्षांचं मन असंच धावतं. एकतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर एवढं मी खात्रीने सांगू शकते.

आता हीच ओळ चित्रपटाच्या शेवटाशेजारी ठेवून पाहा. ‘सैराट’मध्ये चार गाणी आहेत आणि चारही पूर्वार्धात संपतात. ‘झिंगाट’ त्यातलं शेवटचं. त्यात नायिका आर्चीही मैत्रिणींबरोबर मनसोक्त नाचते, आणि त्याच रात्री ती आणि नायक परशा तिच्या घरच्यांच्या हाती सापडतात. तिथून पुढे एकही गाणं नाही. पळापळ, मारहाण, हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, भांडणं, आणि हळूहळू उभा राहिलेला संसार. लेकरू होतं. शेवटी ते लेकरू एकटंच उरतं, रडत घराबाहेर पडतं, पावलं रक्ताने भरलेली. तिथे पार्श्वसंगीत तर नाहीच, आवाजच नाही. ज्या लेकराची हौस ‘झिंगाट’मध्ये नाचत-ओरडत सांगितली, ते हे लेकरू. गाणं काढून टाका आणि मग ती शांतता तशीच अंगावर येते का ते सांगा. लेखकाने शेवटाचं जे कौतुक केलं आहे त्यातला मोठा वाटा या गाण्याचा आहे, आणि त्यालाच ते तडजोड म्हणतात याचं मला वाईट वाटतं.

हे मलाही पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. डिसेंबर २०१६ मध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या आठ-नऊ मुलींनी हे गाणं बसवलं होतं. बाकावर एक मोबाइल उभा करून, बाक बाजूला सारून त्यांचा सराव चालायचा. निवड समितीत मी होते. ‘शाळेला शोभणारं नाही’ असा शेरा लिहून आम्ही ते नाकारलं. मी ना गाणं नीट ऐकलं होतं, ना चित्रपट पाहिला होता.

त्या मुलींतली एक वागळे इस्टेटकडून यायची. वडील एका कंपनीत चालक, मूळ गाव करमाळा तालुक्यातलं, म्हणजे चित्रपट जिथे घडतो त्याच मुलखातलं. त्याच आठवड्यात तिची निबंधाची वही माझ्याकडे तपासायला होती. ‘पहिला पाऊस आला की आमच्या गावाला याड लागतं’ असं तिने लिहिलं होतं. मी लाल पेनने ‘याड’ला गोल केला, वर ‘वेड’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. वही परत घेताना ती एवढंच म्हणाली, “बाई, आजी असंच बोलते.” तिने वाद घातला नाही. वही छातीशी धरून जागेवर जाऊन बसली. पुढे काही महिन्यांनी घरी टीव्हीवर ‘सैराट’ पाहिला. त्यातलं ‘याड लागलं’ हे गाणं सुरू झालं, मासेमारी करणाऱ्या घरातला परशा आर्चीसाठी जिवाच्या आकांताने धावत सुटला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो लाल गोल आला.

त्याच वर्गाला मी बहिणाबाई शिकवत होते. १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली आणि लेवा बोली मराठी कवितेत मानाने बसली. ‘मन वढाय वढाय’ मी फळ्यावर लिहून, त्यातला ‘वढाय’ चवीने उलगडून सांगायचे. तिथे ‘ओढाळ’ असं दुरुस्त करा, असं कधी माझ्या तोंडून आलं नाही. पुस्तकातल्या कवितेला जी सूट मी दिली, ती समोर बसलेल्या मुलीला दिली नाही. ‘झिंगाट’ला नावं ठेवताना आपल्यातले पुष्कळ जण हेच करतात असं मला वाटतं. पिरती, समदं, लगीन हे शब्द जुन्या लावणीत आले की अस्सल, आणि आजच्या पोरांच्या तोंडी आले की गावंढळ.

खरं तर ठाण्याने तरी लोकप्रिय गाण्याला असं कमी लेखू नये. पी. सावळाराम या गावाचे नगराध्यक्ष होते, जनकवी म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतलं, त्यांच्या नावाने पुरस्कार देतो. त्यांचं ‘जेथे सागरा धरणी मिळते’ हेही तरुण प्रेमाचंच गाणं. वसंत प्रभूंची चाल, सुमन कल्याणपूर यांचा आवाज. ते घराघरांत गेलं म्हणून हलकं झालं नाही. तिथली मुलगी वाट पाहत उभी राहते, इथला पोरगा नाचत सुटतो, एवढाच फरक.

‘सैराट’च्या गाण्यांचं कौतुक करणाऱ्यांबद्दलही थोडं सांगायचं आहे. ते बहुतेक लॉस एंजेलिसबद्दलच बोलतात. तिथल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर संगीतकार अजय-अतुल यांनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला हे खरंच, आणि ‘याड लागलं’मधली व्हायोलिनं ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की एवढ्या वाद्यांपुढे अजय गोगावले यांचा आवाज साहेबी झाला नाही. तो रानातून हाक मारावी तसाच राहिला. २०१८ मध्ये ‘सैराट’वरून केलेला ‘धडक’ हिंदीत आला, त्यात ‘झिंगाट’ही होतं. चाल तीच, ठेका तोच, शब्द हिंदी. मी ते दोनदा लक्ष देऊन ऐकलं. पाय हलले, पण तो पोरगा काही भेटला नाही. नुसत्या ठेक्यावर हे गाणं उभं असतं तर असं झालं नसतं.

तेव्हा माझी विनंती अशी. लेखकांनी एकदा ‘झिंगाट’पासून शेवटपर्यंत चित्रपट न थांबवता पाहावा, आणि मग या गाण्यावर पुन्हा लिहावं. त्यांचं मत तरीही बदललं नाही तर मी तो लेख तितक्याच आदराने वाचीन. मराठी चित्रपटगीतांची जशी शब्द-चाल-आवाज धरून समीक्षा होते, तशी या गाण्याची व्हावी एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि ती छापील चूक. लेखाबरोबरच्या छायाचित्राखाली गाण्याचं नाव ‘वेड लागलं’ असं छापलं आहे. मुद्रितशोधकांनी ते चांगल्या हेतूनेच सुधारलं असेल, मी समजू शकते. पण गाण्याचं नाव ‘याड लागलं’ असं आहे. येत्या रविवारी तशी दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
नौपाडा, ठाणे (प.)