टाळूला कान देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, स. न. वि. वि.

कोरेगावहून पाच दिवसांचं बाळ घेऊन आम्ही रात्री साताऱ्यात पोचलो, तेव्हा नवजात विभागात तुमची नाइट होती. दोन घोट ओढले की बाळ दमायचं, कपाळ घामानं ओलं. आधीच्या दवाखान्यात न्यूमोनियाची इंजेक्शनं चालली होती.

छाती सगळेच तपासत होते. तुम्ही मात्र स्टेथोस्कोप टाळूवर टेकवलात, बराच वेळ तसाच धरलात आणि मग नळ्या माझ्या कानात घालून म्हणालात, "ताई, तुम्हीच ऐका." ठोक्याठोक्याला सूं-सूं. मोटार चालू केल्यावर पाइपात पाणी सुटतं ना, तसं. तुम्ही तडक डॉक्टरांना उठवलंत. टाळूवरूनच सोनोग्राफी झाली. मेंदूच्या मधोमध काळा फुगा, त्यात लाल-निळा भोवरा.

व्हेन ऑफ गॅलेन माल्फॉर्मेशन, म्हणजे मेंदूतल्या गॅलेनच्या नावाच्या शिरेतला जन्मजात दोष. गॅलेन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य, पण सासूबाई अजून 'ग्यालनचा आजार'च म्हणतात. डॉक्टर सांगत होते, धमनीतलं रक्त केशवाहिन्यांतून न जाता थेट शिरेत कोसळतंय. मामंजींनी ते रानात आणलं: "पाट वरच फुटलाय. शेंड्याला पाणी नाही आन् मोटारीला दम नाही." मोटार म्हणजे हृदय. त्याच्या घडणीत खोट नव्हती, उपसून उपसून ते थकलं होतं.

पुण्याला निघताना तुम्ही वहीचं पान फाडून दिलंत. किती एमएल दूध, लघवी किती वेळा, वजन, लघवी वाढवणारं लॅसिक्स कधी दिलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तेच वाचलं. औषधांनी हृदय सावरलं तर पाचव्या महिन्यापर्यंत थांबू, एवढ्या बारीक रक्तवाहिन्यांत आत्ताच शिरायला नको, असं ठरलं. ते पाच महिने कसे गेले ते राहू दे. मग मांडीतल्या धमनीतून मेंदूपर्यंत बारीक नळी नेऊन वैद्यकीय गोंदानं ती भगदाडं बुजवली. नवव्या महिन्यात पुन्हा एकदा. थोडी गळती अजून आहे, एमआरआय चालूच राहणार.

पोरगी आता कपाट धरून उभी राहते. आंघोळीआधी टाळू भरताना मी अजून कान लावते. तेल माझ्याच कानाला लागतं.

मध्ये कंदी पेढे घेऊन आले होते, तुमची सुट्टी होती. पुडा दिवसपाळीनं संपवला म्हणे. पुढच्या वेळी तुमची ड्युटी विचारूनच येते.

तुमची,
कोरेगावची ताई