कपाटातल्या फायली आणि सरकारी तपास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील बॉय स्काउट संघटनेत झालेल्या मुलांच्या लैंगिक शोषणाविषयी आपल्याकडे जे माझ्या वाचनात आले, ते बहुतेक संघटनेच्या दिवाळखोरीचे आणि भरपाईच्या आकड्यांचे होते. त्या प्रकरणाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच. मिशिगन राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकारी, डाना नेसेल यांनी राज्य पोलिसांना बरोबर घेऊन जून २०२१ मध्ये या जुन्या गुन्ह्यांचा फौजदारी तपास सुरू केला. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत एकोणीस वर्षे स्काउट पथक चालवले. माझी मुलगी मिशिगनमध्ये राहते आणि नातू तिथल्या कब पथकात, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट पथकात, जातो. त्यामुळे हा तपास मला दूरदेशीचा वाटत नाही.

नातवाच्या बैठकीला मी दोन-तीनदा गेलो होतो. एका चर्चच्या तळघरात मुले जमत. एके दिवशी शिकवणाऱ्या बाई वेळेवर आल्या, पण त्यांच्या जोडीची दुसरी प्रौढ व्यक्ती वाहतुकीत अडकली होती. बाईंनी दार उघडले नाही. मुले, त्यांचे पालक आणि मी असे सगळे वीस मिनिटे अंगणात थांबलो. मला आधी हा अतिरेक वाटला. मुलीने मग सांगितले की २०१८ च्या ऑक्टोबरपासून एकवीस वर्षांवरील दोन नोंदणीकृत प्रौढ हजर असल्याशिवाय पथकाचा कोणताही कार्यक्रम होत नाही आणि कोणताही प्रौढ एका मुलाबरोबर एकांतात राहू शकत नाही. नातवाच्या हस्तपुस्तिकेच्या सुरुवातीलाच पालकांसाठी एक छोटी पुस्तिका जोडलेली होती. कोणी अंगाला नको तसा हात लावला तर काय करायचे, ते मुलांशी कसे बोलायचे, हे तिच्यात सोप्या भाषेत दिले होते. गाठी आणि वचन शिकण्याच्या आधी आई आणि मुलगा यांनी ती पाने एकत्र वाचली होती.

हे नियम कोणाला सहज सुचलेले नाहीत. ही संघटना १९१० साली स्थापन झाली आणि १९२० च्या दशकापासून तिच्या मुख्यालयात ‘अपात्र स्वयंसेवकां’च्या गोपनीय फायली ठेवल्या जात होत्या. अशा नोंदी ठेवल्या जातात हे १९३५ सालीच न्यूयॉर्कच्या एका दैनिकात छापून आले होते. म्हणजे संघटनेला माहीत नव्हते असे कधीच नव्हते. तिला माहिती होती, पण ती कपाटात होती. एखाद्या स्काउटमास्तराविषयी तक्रार आली की त्याचे नाव यादीत घालायचे आणि त्याला पुन्हा नोंदणी करू द्यायची नाही, एवढाच त्या फायलींचा उपयोग. लॉस एंजलिस टाइम्स या दैनिकाने १९७० ते १९९१ या काळातील अशा सुमारे १,६०० फायली तपासून २०१२ मध्ये जे प्रसिद्ध केले, ते वाचताना मला फार त्रास झाला. ज्या सुमारे ५०० प्रकरणांत गैरप्रकार सर्वांत आधी संघटनेलाच कळला, त्यांतील जवळपास ८० टक्के प्रकरणांत पोलिसांना कळवल्याची नोंदच नव्हती. शंभरावर प्रकरणांत तर ते दडपण्याचा प्रयत्न झाला होता. त्या माणसाला राजीनामा देऊ द्यायचा, कारण म्हणून प्रकृती किंवा कामाचा व्याप लिहायचा आणि त्याच्या गावात कोणाला काही कळू द्यायचे नाही, अशी ती रीत होती.

ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या न्यायालयात २०१० मध्ये एका खटल्यात ज्यूरीने संघटनेला १ कोटी ८५ लाख डॉलर दंडात्मक भरपाई द्यायला लावली. त्याच खटल्यात पुराव्यादाखल आलेल्या १९६५ ते १९८५ या काळातील बाराशेहून अधिक फायली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये लोकांसाठी खुल्या झाल्या. पुढे २०१९ मध्ये उघड झालेल्या एका तज्ज्ञ साक्षीनुसार १९४४ ते २०१६ या काळातील फायलींत ७,८१९ संशयित आणि १२,२५४ पीडित मुले आढळली. हे आकडे फक्त ज्यांची फाईल झाली त्यांचे आहेत. संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि न्यायालयाने दाव्यांसाठी १६ नोव्हेंबर २०२० ही मुदत घातली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक माणसे पुढे आली. त्यांतली बरीचशी पन्नाशी-साठी ओलांडलेली होती.

एप्रिल २०२३ मध्ये अमलात आलेल्या योजनेत भरपाईसाठी २४६ कोटी डॉलरचा निधी ठरला. सरळ भागाकार केला तर माणशी तीस हजार डॉलर होतात, पण वाटप तसे नाही. फार कागदपत्रे न देता दावा मिटवणाऱ्याला ३,५०० डॉलर आणि सर्वांत गंभीर प्रकरणांत २७ लाख डॉलरपर्यंत, अशी त्याची मांडणी आहे. शिवाय अत्याचार कोणत्या राज्यात झाला, त्या राज्यात दिवाणी दाव्याची मुदत संपली आहे का, यावरही रक्कम कमी-जास्त होते. एकाच वयाच्या दोन मुलांवर सारखाच प्रसंग ओढवला, एक न्यूयॉर्कच्या शिबिरात आणि दुसरा मुदत संपलेल्या राज्यातल्या शिबिरात, तर दुसऱ्याच्या वाट्याला पहिल्याच्या एका अंशाइतकीच भरपाई येते. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये कायदा करून जुन्या दाव्यांसाठी मुदतीची अट काही काळ उठवली, म्हणून तिथल्या दाव्याचे मोल अधिक. हे कायद्याला धरून असेल, पण साठ वर्षांच्या माणसाला ते कोणत्या तोंडाने समजावायचे?

भरपाईची माझी मुख्य तक्रार मात्र रकमेविषयी नाही. या योजनेने संघटना, तिच्या स्थानिक परिषदा आणि विमा कंपन्या यांच्यावरचे पुढचे दावे थांबवले. ज्याने अत्याचार केला तो माणूस आज कुठे राहतो, मुलांच्या आसपास आहे का, चर्चमध्ये शिकवतो का, फुटबॉलचा प्रशिक्षक आहे का, हे विचारणे दिवाळखोरीच्या न्यायालयाचे कामच नव्हते. ते काम सरकारचे आहे, आणि मिशिगनमध्ये सरकारने ते अंगावर घेतले. पीडितांनी दिवाणी दाव्यांत लिहून दिलेली हकिगत तपास अधिकाऱ्यांनी गुन्ह्याची खबर म्हणून वाचायला घेतली. एका गावच्या पथकातील माणसाने १९७८ चा प्रसंग लिहिला आहे, शेजारच्या गावातल्या दुसऱ्याने १९८४ चा, आणि दोघांनी नाव घेतले आहे ते एकाच स्काउटमास्तराचे, असे असेल तर ते दोन कागद शेजारी ठेवणारा कोणीतरी हवा. एकटा पीडित हे करू शकत नाही, कारण दुसरा आहे हेच त्याला ठाऊक नसते. त्याच्या वकिलाला ते करण्याचे कारण नसते, आणि संघटनेने तर इतकी वर्षे ते मुद्दाम टाळले. झडतीचा हुकूम आणणे, दुसऱ्या राज्यात गेलेल्या आरोपीला परत आणणे हे अधिकारही फक्त राज्याकडेच असतात. या तपासातून एका माजी स्काउटमास्तरावर फौजदारी आरोप दाखल झाले, तेव्हा कपाटातली नोंद आणि गुन्ह्याची नोंद यांतले अंतर एका प्रकरणापुरते तरी मिटले.

हे काम अवघड आहे आणि त्याचे यश मोजके राहणार, हेही मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रकरणात असा निर्णय दिला की फौजदारी खटल्याची मुदत एकदा संपली की नंतर कायदा बदलून ती पुन्हा जिवंत करता येत नाही. मिशिगनमध्ये सर्वांत गंभीर श्रेणीच्या लैंगिक गुन्ह्याला मुदत नाही, बाकीच्यांना आहे. अनेक आरोपी वारले आहेत. पुरावा म्हणून उरते ती आठवण, एखादे पत्र, शिबिराचा एखादा फोटो. तरीही सरकारी अधिकारी समोर बसून ऐकतो, लिहून घेतो आणि खटला होणार नसेल तर का होणार नाही ते सांगतो, याचे महत्त्व फार मोठे आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्या मुलाचे म्हणणे कोणीतरी ऐकले होते, लिहूनही घेतले होते, आणि पुढे काहीच घडले नव्हते.

यावर मी अधिकाराने बोलू शकतो, कारण तसा एक कागद मीही लिहिला आहे. नव्वदच्या दशकात आमच्या जिल्ह्यातील एका शिबिरात तिसऱ्या रात्री माझ्या टोळीतला एक मुलगा तंबूत जायला तयार होईना. शेकोटी विझल्यावरही तो ध्वजस्तंभापाशी स्कार्फ हातात गुंडाळत बसून राहिला. बाहेरून आलेल्या एका प्रशिक्षकाच्या तंबूशेजारी त्याची झोपण्याची जागा होती. मी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “सर, मी तुमच्या तंबूबाहेर झोपू का?” मी त्याची जागा बदलली, परतल्यावर मुख्याध्यापकांना चार ओळींची चिठ्ठी दिली आणि त्यांनी ती वाचून कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी त्या प्रशिक्षकाला बोलावणे गेले नाही. ‘प्रकरण नीट हाताळले गेले’ असे मला त्या वेळी खरोखर वाटले होते. तो दुसऱ्या कोणत्या शाळेत गेला, हे मी विचारले नाही. पालकांना आम्ही काही कळवले नाही. लॉस एंजलिसच्या त्या बातमीतली रीत मला परकी वाटली नाही, ती याच कारणाने.

आज असे वागणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर हे कलम महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार मोठेपणी करायलाही या कायद्याखाली वयाची अट नाही, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु २०१२ पूर्वीच्या कृत्यांना हा कायदा लागू होत नाही. त्यांना त्या वेळचे दंड विधान लागते, आणि त्यात मुलग्यांसाठी कलम ३७७ (अनैसर्गिक संभोग) वगळता फारसे काही नव्हते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण सोसल्याचे सांगितले होते आणि त्यांत मुलग्यांची संख्या निम्म्याहून किंचित जास्तच होती. ती मुले आज मोठी झाली आहेत. त्यांनी कोणाकडे जायचे?

म्हणून माझी राज्याच्या गृह आणि महिला व बालविकास खात्यांना विनंती आहे. शाळा, वसतिगृहे, क्रीडा प्रबोधिन्या आणि युवक संघटनांतील जुन्या प्रसंगांविषयी प्रौढ व्यक्तींना निवेदन देता येईल, अशी एक स्वतंत्र यंत्रणा नेमावी. तिच्यात पोलीस अधिकारी असावा आणि समुपदेशकही असावा. निवेदन देणाऱ्याचे नाव गुप्त राहावे, पण आरोपी आजही मुलांमध्ये वावरत असेल तर त्याची चौकशी त्याच आठवड्यात व्हावी. आणि अशी यंत्रणा नेमेपर्यंत जुने दप्तर नष्ट करण्याच्या नेहमीच्या मोहिमेतून मुख्याध्यापकांच्या कपाटातला गोपनीय पत्रव्यवहार वगळावा, असे परिपत्रक शिक्षण खात्याने आजच काढावे.

माझी शिबिराची रोजनिशी मी जपून ठेवली आहे. तिच्यात तारीख आहे, तंबूंची मांडणी आहे आणि त्या रात्री बदललेल्या जागेची नोंद आहे. त्या मुलाचे नाव त्याला विचारल्याशिवाय मी कोणाला सांगणार नाही. तो आता पंचेचाळिशीचा असेल. गेल्या महिन्यात मी त्याचा पत्ता मिळवला आहे आणि हे पत्र टपालात टाकण्याआधी त्याला वेगळे पत्र लिहिले आहे. तो हो म्हणाला, तर ती वही घेऊन मी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व माजी स्काउटमास्तर, सातारा