नाक्यावरचा डबा

तासगाव, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
सप्रेम सलाम.

फोन रोज होतो, पण जे बोलायचं ते फोनवर निघत नाही. म्हणून लिहितोय.

तुम्ही द्राक्षबाग आम्हा दोघा भावांत निम्मी-निम्मी केलीत त्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठलो. धाकटा ११ वर्षं पुण्यात. इथं ऑक्टोबर छाटणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, ढग आले की डावणी रोगासाठी रात्री-अपरात्री फवारणी, सगळं मी केलं. मग बरोबरी कसली? दोन वर्षं हेच उगाळत बसलो. बाबा, चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले तरी डोक्यात हिशोबच चालायचा.

गेल्या महिन्यात घडांच्या विरळणीला माणसं कमी पडली म्हणून दुपारी तीनला मजुरांच्या नाक्यावर गेलो. एक म्हातारा सकाळी सातपासून तिथं बसून होता. मांडीवर डबा, फडक्याची गाठ तशीच. "काम लागलं नाही तर रात्री नातवंडांना होईल," म्हणाला. त्याला घेऊन आलो. दोन-अडीच तास काम झालं असेल, पण पैसे देताना माझ्याच्यानं हजेरी कापवेना. पुरी दिली.

घरी येऊन बायबलमधला मत्तयाचा २० वा अध्याय काढला, द्राक्षमळ्याच्या धन्याची आणि मजुरांची गोष्ट. पहाटे आलेल्याला एक दीनार मजुरी, दिवस मावळता आलेल्यालाही एकच. आजवर मी ती गोष्ट पहाटेच्या मजुरांच्या बाजूनंच वाचली. त्यांना ठरलेलं मिळालं होतं, सलत होतं ते दुसऱ्याचं. आणि उशिरा आलेले काय म्हणतात? आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. इथं मी कधी थांबलोच नव्हतो.

धाकटा ११ वर्षं तसाच नाक्यावर उभा होता हो. नोकऱ्या सुटल्या, खोल्या बदलल्या, तुम्हाला कळू दिलं नाही. मी मात्र तुमच्या हाताखाली, आईच्या हातची भाकरी खात, आपल्या मातीत. देवानं मला पहाटेच मळ्यात घेतलं, आणि मी त्यालाच कष्ट म्हणत राहिलो. धाकट्याला दिलं म्हणून माझं काही उणं झालं नाही. देवाच्या घरी तोटा नाही, हे आई किती वेळा म्हणाली असेल. मला आता पटलं.

काल धाकट्याला मीच फोन केला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाला, "दादा, यंदा बेदाण्याच्या शेडवर मी थांबू?"

मंगळवारी आम्ही दोघं मिरजेला येतोय. वाटणीच्या कागदावर माझी सही राहिली आहे, तो काढून ठेवा. आई, त्या दिवशीची भरली वांगी राहिली होती. तीच कर.

तुमचा,
थोरला