सव्वाआठ मीटरचा मानकरी आणि त्याचा शिष्य

प्रिय मिलिंद,

जपानचा लांब उडीपटू मासाकी मोरिनागा याच्याबद्दल विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मे १९९२ मध्ये मितो शहरात, वयाच्या २० व्या वर्षी, त्याने ८.२५ मीटर उडी मारली. जपानचा हा विक्रम २७ वर्षं कुणाला हलवता आला नाही. १७ ऑगस्ट २०१९ ला फुकुईत तो मोडला युकी हाशिओकाने, ८.३२ मारून. हा निहोन विद्यापीठात मोरिनागाच्याच हाताखाली तयार झालेला! त्याच स्पर्धेत शोतारो शिरोयामाने ८.४० मारून विक्रम पुढे नेला, पण हाशिओका २०२१ मध्ये ८.३६ पर्यंत गेला आणि टोकियो ऑलिम्पिकला ८.१० वर सहावा आला. मला स्वतःच्या ८.२५ पेक्षा मोरिनागाची ही कमाई मोठी वाटते.

आता तुझ्या पोरांचं. उंच उडायला शिकवण्याआधी धाव पक्की कर. मोठे खेळाडू ४०-४५ मीटरवरून १८ ते २२ पावलांत येतात; शाळकरी मुलांना १२ पुरेत. टेक-ऑफचा पाय, म्हणजे ज्यावरून उडी घेतो तो, फळीवर (जिथून उडायचं त्या पट्टीवर) ठेवून मुलाला उलट दिशेने पळव, बाराव्या पावलाला खूण कर. पाच-सहा वेळा पळवलंस की खुणा एका जागी दाटतात, तिथून सुरुवात. फळीच्या ४ पावलं आधी आणखी एक खूण ठेव, ही तुझ्यासाठी. फाऊल झाला, म्हणजे पाय फळीच्या पुढे गेला, तरी तो या खुणेवर बरोबर पडला असेल, तर घोळ शेवटच्या चार पावलांत आहे. इथेच पुढे पडला असेल तर सुरुवातच बिघडलीय.

बहुतेक वेळा मुलगा फळीकडे बघतो आणि ती गाठायला शेवटचं पाऊल ताणतो. टाच पुढे रुतते, वेग तिथेच मरतो. शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब हवं, कंबर थोडी खाली. शेवटचं आखूड आणि झटपट. चांगला उडीपटू साधारण २० अंशांत सुटतो. सर्वांत लांब जायला ४५ अंश, हे पुस्तकी गणित इथे चालत नाही, कारण तेवढं उंच जायला फार वेग गमवावा लागतो.

पाठीवर वारा असेल तर पावलं लांबतात, सुरुवातीची खूण बूटभर मागे घे. वारा सेकंदाला २ मीटरच्या वर गेला तर विक्रम धरत नाहीत. मोजणी फळीच्या, वाळूच्या खड्ड्याकडच्या कडेपासून होते, त्यामुळे १५ सेंटीमीटर आधी उडालेल्याचे १५ सेंटीमीटर गेलेच. गुरु-शिष्यांच्या त्या दोन विक्रमांत अंतर अवघं ७ सेंटीमीटर होतं! उतरताना हात मागे टेकला तर माप हाताच्या खुणेपर्यंतच धरतात, हेही पोरांना सांगून ठेव.

धावेची मापं घेतलीस की कळव.

तुझा,
अनिरुद्ध